पंच्याऐंशी तासांची शिदोरी

विमान कंपनीत नोकरीसाठी मुलाखतीला निघालेल्या तरुणाच्या हातात पूर्वी एक जाडजूड वही हमखास असायची. पुठ्ठ्याच्या बांधणीची, आडव्या पानांची, बारीक रकान्यांनी भरलेली. तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, किती तास, किती मिनिटे, दिवसा की रात्री, शिक्षकाबरोबर की एकट्याने. प्रत्येक पानाखाली बेरीज आणि ती पुढच्या पानावर ओढलेली. वैमानिकाचे हे लॉगबुक. शाळेचे प्रगतिपुस्तक, बँकेचे पासबुक आणि अनुभवाचा दाखला या तिन्ही गोष्टी एका वहीत एकवटलेल्या.

आता ती वही बहुतेकांच्या पिशवीतून टॅबलेटमध्ये गेली आहे. बेरजा यंत्र करते. गेल्या नव्वद दिवसांत किती उड्डाणे, रात्रीचे तास किती, कोणत्या विमानावर किती, हे बोट लावताच पडद्यावर येते. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या संगणकीय व्यवस्थेत वैमानिकांना आपले तास नोंदवावे लागतात. ज्या घरातले पोर कर्ज काढून वैमानिक होत असते, त्या घराला हे तास पैशांइतकेच पाठ असतात. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास लागतात, आणि त्यातला एकेक तास किती महाग पडतो हे आई-वडिलांना सांगावे लागत नाही.

पण वही कागदाची असो की काचेची, मुलाखत घेणाऱ्याचा प्रश्न तोच राहिला आहे. हे आकडे खरे आहेत का? आणि खरे असतील, तर या आकड्यांच्या मागे उभा असलेला माणूस कसा आहे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही बेरजेत सापडत नाही. ते शोधायचे तर एका मासे विक्रेत्याच्या मुलीची गोष्ट पुन्हा एकदा वाचायला हवी. ती जगभर गाजली, तिच्यावर गाणी झाली, लंडनच्या रस्त्यांवर तिला पाहायला लाखो लोक लोटले. आणि तरीही वैमानिकाची साधी नेमाची नोकरी मिळायला तिला जवळजवळ सारे आयुष्य घालवावे लागले. तिचे नाव एमी जॉन्सन.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हल नावाचे बंदर आहे. मासेमारीवर जगणारे गाव. तिथे १ जुलै १९०३ रोजी एमीचा जन्म झाला. चार बहिणींत ती थोरली. वडिलांचा माशांचा घाऊक व्यापार, आजोबा डेन्मार्कहून आलेले. घर खाऊनपिऊन सुखी होते. मुलींनी शिकावे असे आई-वडिलांना वाटत होते, त्यामुळे एमी शेफिल्ड विद्यापीठात गेली आणि अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झाली. त्या काळात मुलीने पदवी घेणे ही मोठी गोष्ट होती. पण पदवी घेऊन करायचे काय, याचे उत्तर समाजाकडे तयार नव्हते. टंकलेखन शिकायचे, एखाद्या कचेरीत बसायचे आणि लग्नाची वाट पाहायची, एवढाच रस्ता.

एमीही त्याच रस्त्याने गेली. लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत ती सेक्रेटरी झाली. एका स्विस व्यापाऱ्यावर तिचे कित्येक वर्षांचे प्रेम होते. १९२८ मध्ये ते नाते तुटले. मन रमवायला माणसे काय काय करतात. एमीने लंडनच्या उत्तरेला स्टॅग लेन येथील विमान क्लबात नाव घातले. पगारातून पैसे बाजूला काढून ती एकेक धडा घेऊ लागली.

ती जन्मजात वैमानिक होती, असे म्हणणे म्हणजे तिच्या कष्टांवर अन्याय करणे होईल. बरेच विद्यार्थी दहा-बारा तासांच्या शिकवणीनंतर एकट्याने विमान उडवत. एमीला जवळपास सोळा तास लागले. विमान जमिनीला टेकवताना तिचा अंदाज चुके, आणि ही खोड पुढेही पुरती गेली नाही. १९२९ च्या जूनमध्ये ती पहिल्यांदा एकटी उडाली आणि जुलैत तिला खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला. आज एखाद्या परीक्षकाने तिचे त्या वेळचे लॉगबुक उघडले असते, तर सामान्य विद्यार्थिनी असा शेरा मारून पान उलटले असते.

मात्र लॉगबुकात न दिसणारी एक गोष्ट तिथे घडत होती. कचेरीत जाण्यापूर्वी आणि कचेरी सुटल्यावर एमी हँगरमध्ये जाऊन यंत्रज्ञांच्या हाताखाली काम करत होती. तेलाने माखलेला डगला घालून इंजिन उघडायचे, झडपा घासायच्या, पुन्हा जोडायचे. सुरुवातीला तिथल्या पुरुषांना ही बाईसाहेबांची हौस वाटली. मुख्य यंत्रज्ञ जॅक हम्फ्रीज यांनी मात्र तिला मनापासून शिकवले. हळूहळू सगळे तिला जॉनी म्हणून हाक मारू लागले. १९२९ संपण्यापूर्वी तिने विमानाच्या देखभालीचा, ग्राउंड इंजिनिअरचा परवाना मिळवला. तो मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. विमान उडवणाऱ्या श्रीमंत घरच्या बायका तेव्हा इंग्लंडमध्ये होत्या. इंजिनाचे पोट फाडून ते पुन्हा शिवू शकणारी अशी ही एकटीच होती.

तिला उड्डाण हा छंद म्हणून नको होता. पोट भरणारा धंदा म्हणून हवा होता. इथेच अडचण होती. १९२४ मध्ये आंतरराष्ट्रीय हवाई आयोगाने प्रवासी विमानांच्या चालकवर्गात स्त्रिया नकोत असे ठरवले होते. दोन वर्षांत तो ठराव मागे घेतला गेला. मनातला ठराव मात्र तसाच राहिला. त्या काळच्या मोठ्या ब्रिटिश विमान कंपन्यांच्या कॉकपिटमध्ये स्त्रीला जागा नव्हती. मग नाव करायचे तर असे काही करून दाखवायला हवे, की दारे उघडावीच लागतील. एमीने ठरवले, एकटीने ऑस्ट्रेलियाला जायचे.

पैशांसाठी तिने अनेकांचे उंबरे झिजवले. अखेर वंगण तेलाच्या व्यापारातले बडे गृहस्थ लॉर्ड वेकफिल्ड यांनी निम्मा भार उचलला आणि निम्मा वडिलांनी. ६०० पौंडांना एक वापरलेले जिप्सी मॉथ विमान आले. दोन पंखांचे, उघड्या आसनाचे, लाकूड आणि कापडाचे. वडिलांच्या माशांच्या व्यापाराची छाप जेसन या नावाची होती, तेच नाव तिने विमानाला दिले. लेकीने बापाचे ऋण असे फेडले.

५ मे १९३० रोजी सकाळी ती क्रॉयडनहून निघाली. निरोपाला मोजकीच माणसे होती. तिच्या लॉगबुकात त्या दिवशी जेमतेम ८५ तासांच्या आसपास नोंद होती, आणि तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास होता लंडन ते हल, म्हणजे माहेरापर्यंतचा. आता पुढे ११,००० मैल. विमानात रेडिओ नाही. पुढच्या आसनाच्या जागी जादा पेट्रोलच्या टाक्या. बाजूला दोरीने बांधलेला एक सुटा पंखा. कारण मोडला तर वाटेत मिळणार कुठे? ८५ तासांच्या शिदोरीवर अर्ध्या पृथ्वीची वाट चालायची होती.

व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो. बगदादच्या अलीकडे वाळूच्या वादळाने तिला वाळवंटात उतरवले. वादळ शमेपर्यंत ती विमान धरून बसली. मग बंदर अब्बास, आणि सहाव्या दिवशी, १० मेला, कराची. बर्ट हिंकलर या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९२८ मध्ये हाच प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. कराचीला एमी त्याच्या दोन दिवस पुढे होती. तोवर तिच्याकडे फारसे न पाहणाऱ्या वर्तमानपत्रांनी आता पहिल्या पानावर तिची तसबीर छापली.

योगायोग असा, की त्याच पंधरवड्यात भारतीय तरुणही त्याच आकाशात होते. भारत आणि इंग्लंड यांच्या दरम्यान एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. जे. आर. डी. टाटा ३ मेला कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते, आणि उलट दिशेने येणारा ॲस्पी इंजिनिअर हा कोवळा मुलगा एमीच्या दुसऱ्याच दिवशी कराचीला उतरला आणि बक्षीस घेऊन गेला. पुढे ॲस्पी भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर विमान उतरवले आणि आपल्या विमानसेवेचा पाया घातला. त्या पिढीतल्या पुरुषांच्या लॉगबुकातून हवाई दले आणि विमान कंपन्या उभ्या राहिल्या. एमीच्या लॉगबुकाचे काय झाले, ते पुढे येईलच.

कराचीहून अलाहाबादला जाताना समोरून वारा लागला आणि पेट्रोल संपत आले. तिला झाशीच्या लष्करी मैदानावर उतरावे लागले. विमान घसरत बराकीपर्यंत गेले आणि एका पंखाला इजा झाली. स्थानिक सुताराच्या मदतीने पंख दुरुस्त झाला आणि दुसऱ्या दिवशी अलाहाबाद करून ती कलकत्त्याला पोहोचली. रंगूनजवळ इन्सीन येथे पावसात ती खेळाच्या मैदानावर उतरली आणि विमान चरात गेले. पंखा मोडला, पंख फाटला. बाजूला बांधलेला सुटा पंखा आता कामी आला. तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेतल्या लोकांनी पंख उभा करून दिला. इंजिनाचे तिने स्वतः पाहिले. स्टॅग लेनच्या हँगरमधल्या त्या तेलकट संध्याकाळी इथे उपयोगी पडल्या. त्या तासांची नोंद कोणत्याच वहीत नव्हती.

या दुरुस्त्यांत दिवस गेले आणि हिंकलरचा विक्रम हातचा निसटला. जावा बेटावर उसाच्या मळ्यात उतरताना बांबूच्या खुंटांनी पंखाचे कापड फाडले, तेव्हा जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्या लावून ती पुढे निघाली. तिमोरजवळ एक रात्रभर तिचा पत्ताच नव्हता. हलला घरच्यांनी ती रात्र कशी काढली असेल, याची कल्पना ज्यांची मुले परगावी आहेत त्यांनाच यावी. अखेर तिमोरचा समुद्र ओलांडून २४ मे १९३० रोजी ती डार्विनला उतरली. साडेएकोणीस दिवस. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने उडणारी जगातली पहिली स्त्री. तेव्हा ती सत्तावीसची व्हायची होती.

मग जे व्हायचे ते झाले. राजाने सीबीई हा किताब दिला. एका वर्तमानपत्राने १०,००० पौंड दिले. ऑगस्टमध्ये ती मायदेशी परतली तेव्हा क्रॉयडनपासून लंडनपर्यंतच्या रस्त्यावर दहा लाख माणसे उभी होती, असे सांगतात. पण या कौतुकात एक काटा होता. लोकांना तिचा फोटो हवा होता, भाषण हवे होते, तिच्या टोपीसारखी टोपी हवी होती. विमानाचा चालक म्हणून ती कुणालाच नको होती. ऑस्ट्रेलियातच ब्रिस्बेनला उतरताना जेसन उलटले होते. कीर्तीचे ओझे घेऊन थकलेली ही मुलगी त्यानंतर प्रवासी म्हणून दुसऱ्याच्या विमानातून फिरली. तिला नेणाऱ्या वैमानिकाचे नाव जिम मॉलिसन. १९३२ मध्ये तिने त्याच्याशी लग्न केले.

पुढची काही वर्षे विक्रमांमागून विक्रमांची गेली. १९३१ मध्ये आपले गुरू हम्फ्रीज यांच्यासह मॉस्कोमार्गे टोकियो. १९३२ मध्ये एकटीने केपटाऊन, आणि तेही नवऱ्याचाच विक्रम मोडून. १९३३ मध्ये नवऱ्याबरोबर अटलांटिक ओलांडला. अमेरिकेत उतरता उतरता विमान कोसळले आणि दोघे जखमी झाले. १९३४ च्या इंग्लंड ते मेलबर्न शर्यतीत ही जोडी कराचीपर्यंत विक्रमी वेगाने आली. मग वाट चुकून जबलपूरला उतरावे लागले, तिथे मिळालेले इंधन इंजिनाला मानवले नाही आणि अलाहाबादला शर्यत संपली. चार वर्षांपूर्वी याच गावावरून ती एकटी पुढे गेली होती. १९३६ मध्ये तिने केपटाऊनचा विक्रम पुन्हा मिळवला. तो तिचा शेवटचा. १९३८ मध्ये संसारही मोडला आणि ती पुन्हा एमी जॉन्सन झाली.

आता जरा विचार करा. पस्तिशीतली ही बाई. पाच खंडांवरची आकाशे तिच्या वहीत आहेत. वाळूचे वादळ, मोसमी पाऊस, अटलांटिकवरची रात्र, सगळ्याची नोंद आहे. यंत्रज्ञाचा परवाना जवळ आहे. स्त्री अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपदही तिने भूषवले आहे. मुलाखतीसाठी याहून भारी लॉगबुक कुणाचे असणार? पण विक्रमांचा बाजार उठला होता आणि नियमित नोकरी देणारी दारे तशीच बंद होती. १९३९ मध्ये तिला काम मिळाले ते पोर्ट्समथजवळच्या एका छोट्या कंपनीत. समोर दिसणाऱ्या आयल ऑफ वाइट या बेटावर काही मिनिटांत प्रवासी पोहोचवायचे आणि परत आणायचे. जगातला सर्वांत आखूड विमानमार्ग, असे लोक गमतीने म्हणत. ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेली एमी खाडीवरच्या तरीसारख्या त्या फेऱ्या मारू लागली.

याला अधःपात म्हणावे का? मला तसे वाटत नाही. तिला पहिल्यापासून हेच तर हवे होते. उड्डाण हे रोजचे काम, महिन्याचा पगार आणि संध्याकाळी वहीत एक साधी ओळ. जे पुरुषांना पंचविशीत मिळे, ते तिला छत्तिशीत मिळाले एवढेच.

तेही फार दिवस टिकले नाही. युद्ध सुरू झाले, मार्च १९४० मध्ये त्या कंपनीची विमाने सरकारने ताब्यात घेतली आणि सगळ्या वैमानिकांना घरी बसवले. मग मे महिन्यात ती एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी या दलात दाखल झाली. कारखान्यातून निघालेली नवी विमाने हवाई दलाच्या तळांवर पोहोचवायची, हे या दलाचे काम. स्त्रियांच्या तुकडीच्या प्रमुख होत्या पॉलिन गोवर. एमीपेक्षा सात वर्षांनी लहान. जगप्रसिद्ध एमीने त्यांच्या हाताखाली काम पत्करले. त्याच कामाला स्त्रियांना पुरुषांपेक्षा वीस टक्के कमी पगार होता. समान पगार १९४३ मध्ये मिळाला, पण तो पाहायला एमी उरली नाही.

५ जानेवारी १९४१. आदल्या रात्री ती ब्लॅकपूलला बहीण मॉलीकडे उतरली होती. सकाळी ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टन तळावर एक विमान न्यायचे होते. तासा-दीड तासाचा रस्ता. हवा वाईट होती, ढग खाली आले होते. ती निघाली. साडेतीन तासांहून अधिक वेळानंतर तिचे विमान वाट सोडून कितीतरी मैल दूर, टेम्स नदीच्या मुखाशी दिसले. इंधन संपत आले असावे. छत्रीने उडी मारून ती बर्फासारख्या पाण्यात पडली. हेझलमिअर या नौकेने तिला वाचवण्याची धडपड केली. नौकेचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी स्वतः पाण्यात उडी घेतली. थंडीने त्यांचाही प्राण गेला. एमीचा मृतदेह कधीच मिळाला नाही. १९९९ मध्ये एका माजी सैनिकाने, सांकेतिक खूण चुकल्यामुळे आपल्याच तोफांनी ते विमान पाडले, असा दावा केला. खरे काय ते समुद्राला ठाऊक.

पाण्यावर मात्र तिच्या काही वस्तू सापडल्या. तिची पिशवी, चेकबुक आणि लॉगबुक.

लॉगबुकात नोंद करायची ती उतरल्यावर, असा रिवाज आहे. वैमानिक खाली येतो, घड्याळ पाहतो, मग लिहितो. त्या दिवशीच्या उड्डाणाची ओळ म्हणून एमीच्या हातून लिहिली गेली नाही. लॉगबुकाची बेरीज नेहमी एका उड्डाणाने मागे असते, हे यावरून कळते.

काळ बदलला. भारतात १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी केवळ स्त्रियांच्या हाती असलेले प्रवासी विमान नेले, तेव्हा एमीला न मिळालेली खुर्ची आपल्याकडच्या मुलींनी घेतली होती. आज भारतातील स्त्री वैमानिकांचे प्रमाण जगाच्या सरासरीहून खूप वरचे आहे. आता मुलाखतीच्या खोलीत टॅबलेट घेऊन बसलेल्या मुलीला, तू मुलगी असून कशाला, असे विचारण्याची सोय राहिलेली नाही. तिला विचारायचे ते तिच्या तासांविषयी.

आणि तासांविषयी विचारलेच पाहिजे. २०११ मध्ये आपल्याकडे खोट्या उड्डाण-तासांचे आणि बनावट गुणपत्रिकांचे प्रकरण गाजले होते, ते अजून कुणी विसरले नसेल. न उडालेल्या विमानाचे तास वहीत मांडणे कागदावर सोपे होते. संगणकाने पडताळणीची सोय झाली, पण तो बेरीज बिनचूक करतो, माणूस बिनचूक करत नाही. पडद्यावरची एखादी ओळ दाखवून, या दिवशी काय घडले ते सांगा, असे परीक्षकाने म्हटले, तर ती ओळ जगलेलाच बोलू शकतो. त्या दिवशीचा वारा कुठून होता, काय चुकले, कसे सावरले, हे टॅबलेट सांगत नाही.

एमीला झाशीच्या ओळीविषयी विचारले असते, तर तिने काहीही लपवले नसते, असे तिच्या एकूण आयुष्यावरून वाटते. वारा जास्त होता, पेट्रोल कमी पडले, उतरताना चुकले, पंख मोडला, सुताराला बोलावला, सकाळी निघाले. उतरण्यात ती कायम कच्ची राहिली आणि तिने ते कधी झाकले नाही. पण प्रत्येक वेळी ती पुन्हा उडाली.

तिचे जेसन विमान लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आजही टांगलेले आहे. खाली उभे राहून पाहिले की ते फार लहान वाटते. एवढ्याशा लाकूड-कापडावर विसंबून एक मुलगी घरातून निघाली होती, आणि तिच्या वहीत तेव्हा फक्त ८५ तास होते. ज्यांच्या घरी आज २०० तासांची वाट पाहणारे कुणी आहे, त्यांनी त्याला किंवा तिला एवढेच सांगावे: तास भरायचेच, ते खरेही असायला हवेत, पण हँगरमधली संध्याकाळही चुकवू नये. तिची नोंद कुठे होत नाही, आणि अडचणीत नेमकी तीच हाताशी येते.